‘क’चा नंबर

हा अनुभव तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आला असेल. गटाचा ठराव दिंडोरीच्या दुकानात छान मराठीत टाईप करून घेतला, पेन ड्राइव्हवर नाशिकच्या कचेरीत नेला, आणि तिथे उघडला तर कंस, टक्क्याच्या खुणा, इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! मग वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. नाही हो. हे दुखणं तीस-पस्तीस वर्षांचं जुनं आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. तो नंबर पाहून अक्षर उमटवायला मदत करते ती ऑपरेटिंग सिस्टीम. यंत्र चालू केलं की आधी ती जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते. घरातल्या बाईसारखीच म्हणा.

१९८० साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीला आपल्या नव्या छोट्या संगणकासाठी अशी सिस्टीम हवी होती. त्यांची माणसं कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल यांच्याकडे गेली. धंद्याचे व्यवहार त्यांची पत्नी डॉरोथी बघायच्या. पुढ्यात गुप्ततेच्या कराराचा कागद आला, तेव्हा त्यांनी लगेच सही केली नाही. बोलणी फिसकटली आणि काम मायक्रोसॉफ्टकडे गेलं. संधी घालवली म्हणून लोक त्या जोडप्याला नावं ठेवतात. मला विचाराल, तर न समजता सही न करणाऱ्या बाईचं काही चुकलं नाही. मायक्रोसॉफ्टने मात्र ती सिस्टीम इतरांनाही विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्यामुळे जगभर बहुतेक यंत्रांत त्यांचीच सिस्टीम आली. आणि तिला मराठी येत नव्हती.

आपली माणसं काही झोपली नव्हती. कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ नावाचं तंत्र तयार झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. संगणकात एक कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने आपल्या अक्षरांचे नंबरही ठरवून दिले. त्याला ‘इस्की’ म्हणतात.

पण विंडोजमध्ये ते नंबर आलेच नाहीत. छापखान्यांना मराठी तर लगेच हवी होती. मग फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. एकाने एका जागी ‘क’ बसवला, तर दुसऱ्याने तिथेच ‘द’. आतून सगळं इंग्रजीच, वरून मराठीचं सोंग. दुसऱ्या यंत्रात तो फॉन्ट नसला की सोंग उतरलं! नियम हातात होता तेव्हाच सरकारी कचेऱ्यांनी ‘इस्कीत नसेल तर घेणार नाही’ असं ठणकावायला हवं होतं. ती वेळ हुकली, असं माझं मत आहे.

त्याच १९९१ मध्ये साऱ्या जगाच्या लिप्यांसाठी युनिकोड निघालं. त्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच घेतलेला आहे. त्यात ‘क’चा नंबर २३२५, नाशकात तोच आणि न्यूयॉर्कातही तोच. आपल्या मराठीचा खास ‘ऱ’सुद्धा त्यात आहे. नाहीतर पंगतीला आचाऱ्यांना बोलवायचं आणि चिठ्ठी जायची आचार्यांना! विंडोज २००० पासून हे नंबर यंत्रात आले. पण त्यानंतरच्या एक्सपीमध्येही सीडी घालून ती सोय मुद्दाम चालू करावी लागे, आणि ते किती जणांना ठाऊक असणार? तोवर जुन्या फॉन्टची सवय हाडीमाशी खिळली होती. काही दुकानांत ती अजून आहे.

तेव्हा टाईप करायला द्याल, तर आधीच सांगा, “दादा, युनिकोडमध्ये करून द्या.” झाल्यावर त्यातल्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये टाकायला लावा. फोटो नको, अक्षरंच. मराठी नीट दिसली तर काम बरोबर. गटाच्या जुन्या फायली असतील, तर दुकान बंद व्हायच्या किंवा यंत्र भंगारात जायच्या आत त्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते विचारून वहीत लिहून ठेवा. नाव माहीत असलं, तर बऱ्याच फायली युनिकोडमध्ये बदलून मिळतात. बदलल्यावर आकडे आणि जोडाक्षरं मात्र जुन्या छापील कागदाशी ताडून बघा.