चाळीसचे चव्वेचाळीस

आज पर्ल. हो, तीच, लॅरी वॉलने १९८७ मध्ये आणलेली. जुनी आहे, पण मजकुराच्या ढिगातून हवा तेवढाच तुकडा उचलायचा असेल तर माझा हात अजून तिच्याकडेच जातो.

एमएस्सीला असताना माझ्याकडे जेनबँकची एक फाइल होती. चाळीस जीन्सच्या नोंदी, एकाखाली एक. प्रत्येक नोंदीत आधी नाव, संदर्भ, टिपा. मग 'ओरिजिन' हा शब्द, त्याखाली डीएनएची अक्षरं आणि शेवटच्या ओळीवर नुसत्या दोन तिरक्या रेघा. मला फक्त अक्षरं हवी होती, त्यातलं जी आणि सीचं प्रमाण काढायला. सकाळी दहाला सरांना आकडे दाखवायचे होते.

मी पॅटर्न लिहिला: ओरिजिन, कंसात डॉट-स्टार, मग दोन रेघा. डॉट एरवी नवी ओळ ओलांडत नाही, म्हणून शेवटी एस लावला. स्क्रिप्ट चालली, एरर नाही. उत्तर आलं एक. चाळीस नाही, एकच!

स्टार हावरट असतो ना. पहिल्या ओरिजिनपासून तो थेट फाइलमधल्या शेवटच्या रेघांपर्यंत गेला आणि मधलं सगळं गिळून बसला. म्हणजे संशोधकांच्या नावांतले जी आणि सीसुद्धा मी डीएनए म्हणून मोजले होते. स्टारपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं, की तो पहिल्याच रेघांपाशी थांबतो. आले चाळीस.

मग जीनचं नावही हवं झालं, म्हणून अख्खी नोंद एकेक करून वाचायची ठरवली. पर्लमध्ये डॉलर-स्लॅश या व्हेरिएबलमध्ये सांगायचं, नोंद कुठे संपते. मी सांगितलं, दोन रेघा. आता आले चव्वेचाळीस!

रात्री दोनला फाइल डोळ्यांनी वाचली तेव्हा कळलं. तीन नोंदींच्या टिपांत वेबपत्ते होते, आणि एचटीटीपीच्या पुढेही दोन रेघाच असतात. तिथे त्या नोंदी तुटल्या. चव्वेचाळिसावी 'नोंद' म्हणजे शेवटच्या रेघांनंतर उरलेली नुसती नवी ओळ. रेघांना लागून नवी ओळही खूण म्हणून दिली, आणि गणित जुळलं.

तेव्हापासून स्क्रिप्ट लिहिण्याआधी मी 'लोकस'ने सुरू होणाऱ्या ओळी मोजून कागदावर लिहून ठेवते. प्रत्येक नोंद त्याच शब्दाने उघडते.