देऊसकर : एका विरळ आडनावाचा प्रवास

हुगळीकाठच्या बजबजला मराठी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तरी ते सहसा ‘बजबजकर’ होत नाही. ‘कर’ हा प्रत्यय बहुधा सोडून आलेल्या गावास चिकटतो, गाठलेल्या गावास नव्हे.

वंगभूमीतील याचे ठळक उदाहरण म्हणजे सखाराम गणेश देऊसकर. त्यांचे पूर्वज कोकणातील देऊस गावचे, असे सांगतात. मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर हे घराणे देवघरजवळ करों येथे स्थिरावले आणि तेथेच १८६९ साली सखारामांचा जन्म झाला. कोलकात्यात ‘हितवादी’ पत्राचे काम करीत असता त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही बंगालीत. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या प्रांतात ‘बर्गी’ या नावाने मुलांना धाक घालीत, तेथेच शिवरायांचे माहात्म्य एका देऊसकरांनी बंगालीतून सांगावे, हे विलक्षणच!

हेच आडनाव हैदराबादेत चित्रकार रामकृष्ण वामन देऊसकरांनी गाजविले. त्यांचे पुतणे गोपाळराव यांनी रंगविलेली बालगंधर्वांची चित्रे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत.

बंगालात ‘कर’ हे स्वतंत्र आडनावही आहे, डॉ. राधागोविंद कर यांच्या नावाचे रुग्णालय कोलकात्यात सर्वश्रुत आहे. तो ‘कर’ मात्र निराळा. त्यामागे गाव शोधू नये.