मास्कची काच किती उष्णता सोसते?

आगीची वर्दी जाते, बंब येतो, जाड कोट घातलेले जवान पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून धुरात शिरतात. खाली जमलेल्या गर्दीत तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, 'त्यांना काय होतंय, त्यांचे कपडे आगीसाठीच असतात.' हा समज खोटा आहे आणि तो जवानांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

कोटाला तीन थर असतात. वरचं कापड नोमेक्ससारख्या अरामिड धाग्याचं. ते वितळत नाही, करपतं. मधला थर पाणी अडवतो, आतला उष्णता. हा कोट किती टिकला पाहिजे? अमेरिकी मानकाच्या चाचणीत भडकलेल्या आगीइतकी प्रखर झळ कापडावर सोडतात. त्वचेवर फोड उठतील इतकी उष्णता आत पोचायला किमान साडेसतरा सेकंद लागले, की कोट पास. साडेसतरा सेकंद! एवढ्या वेळात त्या ज्वाळेतून बाहेर पडायचं असतं.

पण सगळ्यात कच्चा दुवा कोट नव्हे, तोंडावरच्या मास्कची काच. आपण तिला काच म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट. हलकं, स्वच्छ, आपटलं तरी सहसा न फुटणारं. मात्र सुमारे १५० अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागतं. बंद खोली एकदम पेट घेण्याच्या बेतात असते तेव्हा छतालगतची हवा ६०० अंशांच्या घरात गेलेली असते. शिवाय ज्वाळा अंगाला लागायचीही गरज नाही. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट उष्णता देतं. त्याच्या पंधरापट झळ समोरून आली, तर जुन्या धाटणीच्या काचांना काही मिनिटांतच भोकं पडतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत दिसून आलं. त्यानंतर मास्कसाठीच्या २०१३ च्या अमेरिकी मानकात ही १५ किलोवॉटची झळ पाच मिनिटं सोसण्याची चाचणी आली.

काच बिघडते कशी, ते नीट ऐका. आधी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. मग आतून बुडबुडे येतात, समोरचं धूसर दिसतं. पुढे ती लोंबते आणि शेवटी भोक पडतं. मास्कमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे बारीकशा फटीतून धूर आत येत नाही. मोठं भोक पडलं, की सिलिंडरमधली हवा त्यातून भराभर निघून जाते आणि पुढचा श्वास तापलेल्या विषारी धुराचा असतो. आत गार हवा खेळत असल्यामुळे चेहऱ्याला काच किती तापली ते कळतही नाही. म्हणून काच धूसर दिसू लागली, की ताबडतोब जमिनीलगत होऊन बाहेर पडायचं.

तुमच्या कारखान्यात बीए सेट, म्हणजे असाच सिलिंडर-मास्कचा संच असेल, तर त्याची काच उजेडात धरून पाहा. भेगांचं जाळं किंवा खोल ओरखडे दिसले, की ती बदला. पुसायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन कधीही वापरू नका, त्यानेच भेगा पडतात. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. आणि धुळीसाठीचा साधा मास्क किंवा ओला रुमाल कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्याच्या भरवशावर कुणी आत जाऊ नये.

बाहेर आलेल्या जवानाच्या पाठीवर कौतुकाने थाप मारू नका. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेलाच असतो, तसा हा कोट आतून तापलेला असतो. तो दाबला गेला, की थरांमधली हवा निघून जाते आणि उष्णता थेट कातडीला भिडते. कोट ओला असेल तर वाफेने भाजतं. त्यांना आधी कोट उतरवू द्या, मग पाणी द्या.

तुमच्या घराला आग लागली, तर सगळे बाहेर पडल्यावर दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. जिना मोकळा ठेवा. बंबाबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला स्वतः गाठा आणि सांगा, आत कोण राहिलंय, कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत, गॅसचं सिलिंडर कुठे आहे. सगळे बाहेर आले असतील, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. नाहीतर आत नसलेल्या माणसाला शोधायला जवान धुरात शिरतील.