मृत राजाची सही आणि जिवंत प्रजा
(अभ्यासवर्गातील भाषण)



इ. स. १७०० च्या नोव्हेंबरात स्पेनचा राजा दुसरा कार्लोस वारला. त्याचे मृत्युपत्र लवकरच छापले गेले आणि युरोपभर वाचले गेले. त्या काळच्या प्रती जुन्या ग्रंथांचे संग्राहक आज मोलाने जपतात. संग्राहक त्यात कागद, टंक आणि बांधणी पाहतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो मालमत्तेच्या हस्तांतरणाचा दस्तऐवज आहे. आणि त्या मालमत्तेत माणसे होती.

दोन विवाह होऊनही कार्लोसला अपत्य नव्हते. त्याच्या हयातीतच, १६९८ आणि १७०० साली, फ्रान्स, इंग्लंड व हॉलंड यांनी त्याच्या साम्राज्याच्या वाटणीचे दोन करार केले. घरधनी आत अंथरुणावर असताना शेजाऱ्यांनी ओसरीवर बसून त्याच्या घराचे वाटे घालावेत, तसाच हा प्रकार. ही वाटणी टळावी म्हणून राजाने ऑक्टोबर १७०० मध्ये सही केली. सारे साम्राज्य अखंड राखून फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू फिलिप याला द्यावे. त्याच्याकडे न गेल्यास ते त्याच्या धाकट्या भावाकडे, मग ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सकडे, त्यानंतर सव्हॉयच्या ड्यूककडे जावे, असा क्रम त्यात लावला होता. फ्रान्स व स्पेनचे मुकुट एका मस्तकावर येऊ नयेत, अशी अटही होती.

शेतीवाडीच्या मृत्युपत्रातील तरतुदींहून या तरतुदी वेगळ्या नाहीत. शेताच्या जागी येथे स्पेन, नेपल्स, मिलान, आजचा बेल्जियम, मेक्सिको, पेरू आणि फिलिपाइन्स होते, इतकेच. तेथील प्रजेला कोणी विचारले नाही. कॅस्टीलची ‘कोर्तेस’ ही प्रतिनिधिसभा तर कार्लोसच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकदाही भरली नव्हती.

लुईने नातवासाठी वारसा स्वीकारला, आणि १७०१ साली पेटलेले युद्ध १७१४ पर्यंत चालले. इतिहासग्रंथ त्याला वारसायुद्ध म्हणतात. वंशावळीच्या या वादाआड अमेरिकेच्या व्यापाराचा तंटा होता. १७०१ सालीच नव्या राजाने स्पॅनिश अमेरिकेला गुलाम पुरविण्याचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला. १७१३ साली, युट्रेक्टच्या तडजोडीत, तोच मक्ता तीस वर्षांसाठी ब्रिटनकडे आला आणि साउथ सी कंपनीच्या हाती गेला. वर्षाला ४,८०० ‘नग’ पुरवायचे, असा करार होता. नग म्हणजे एक धडधाकट प्रौढ गुलाम. लहान मूल अपूर्णांकात मोजले जाई. माणसांचा हिशेब करण्याची जी रीत मृत्युपत्राने प्रदेशांना लावली, ती येथे उघड्या देहांना लागली.

अखेरीस फिलिप गादीवर राहिला, पण अखंड साम्राज्याची इच्छा फोल ठरली. नेपल्स, मिलान आणि बेल्जियम ऑस्ट्रियाकडे गेले. जिब्राल्टर ब्रिटनने ठेवले. ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सिलोना पडले आणि पुढे कॅटलोनियाच्या स्वतंत्र राज्यसंस्था मोडण्यात आल्या. राजाची इच्छा अर्धी पुरी झाली. तिची किंमत मात्र प्रजेने पुरी मोजली.

हे परक्या मुलखातील जुने प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. त्याच शतकात, १६६१ च्या विवाहकराराने, मुंबई पोर्तुगीज राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाकडे आंदण गेली. १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्या बेटांवरील कोळ्या-भंडाऱ्यांचा होकार कोणी घेतला नव्हता.

स्वतंत्र भारताने १९७१ साली संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द केले. जन्माने मिळणाऱ्या राजपदाचा शेवटचा अवशेष त्यामुळे गेला. परंतु मोठ्या इस्टेटींवर १९५३ पासून असलेला मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. उत्पन्न थोडे आणि वसुलीचा खटाटोप फार, असे कारण तेव्हा सांगण्यात आले. कायदा दुबळा असेल तर तो सुधारता येतो. दुबळेपणाच्या सबबीवर तत्त्वच सोडून देणे हा निराळा निर्णय होय.

मुकुट वारशाने जाऊ नये, हे आज शाळकरी मुलालाही पटते. कारखाना वारशाने जातो, त्याबरोबर तेथे राबणाऱ्यांचे भवितव्यही हात बदलते, याचे मात्र कोणास नवल वाटत नाही. कार्लोसच्या मृत्युपत्राचेही त्याच्या दरबारात कोणास नवल वाटले नव्हते. ते नवल जागे करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.