कामावरचा माणूस आणि व्यवस्थापनाची विद्या

व्यापार शिकविता येतो की तो रक्तातच असावा लागतो, हा वाद आता जुना झाला आहे. अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाल्या, मुंबईस जमनालाल बजाज यांच्या नावाची संस्था १९६५ साली आली, आणि कोल्हापुरासही छत्रपती शाहूंच्या नावाची व्यवसायशिक्षणाची संस्था १९७६ पासून आहे. पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या या शिक्षणक्रमात हिशेब, भांडवल, विक्री हे विषय असावयाचेच. त्यांच्या पंक्तीस मात्र एक निराळाच विषय बसविलेला असतो. एकत्र काम करणारी माणसे जशी वागतात तशी ती का वागतात, हा तो विषय. संघटनात्मक वर्तन असे त्याचे भारदस्त नाव आहे. आकडेमोड नसल्यामुळे तो सोपा वाटतो. वस्तुतः त्याच्याइतका फसवा विषय त्या शिक्षणक्रमात दुसरा नसेल.

हा विषय कोठे जाऊन पाहावा असे कोणी विचारल्यास कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील चंदगडकडे बोट दाखविता येईल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, आणि बेळगावचा बाजार अजूनही तेथून जवळचा आहे. पाऊस दांडगा, भात आणि नाचणी ही जुनी पिके, त्यांत पुढे उसाची भर पडली, आणि उतारावरच्या जमिनीत काजू. या काजूवर प्रक्रिया करणारे लहानमोठे कारखाने तालुक्यात आहेत व त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. शहरातील घरी दिवाळीच्या तबकात पांढरास्वच्छ काजूगर येतो, तेव्हा त्यास किती हात लागले असतील याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

काजूची बी प्रथम उन्हात वाळवितात, मग वाफवून थंड होऊ देतात. पुढचे काम फोडण्याचे. हातापायांनी चालणाऱ्या लहानशा यंत्राच्या दोन पात्यांमध्ये बी धरावयाची, पायाने दाब द्यावयाचा आणि हाताने दांडा फिरवून टरफल उघडावयाचे. दाब अंमळ अधिक झाला की गर दुभंगतो. कमी पडला तर टरफल उघडत नाही. टरफलात दाहक तेल असते, ते कातडी जाळते. म्हणून हाताला तेल वा राख लावून कामास बसण्याची वहिवाट पडली आहे. नंतर गर सुकवून त्यावरची तांबूस साल काढावयाची, आणि शेवटी निवड. या व्यापाराची सारी मेख निवडीत आहे. अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रती आकड्यांनी ओळखतात: १८०, २१०, २४०, ३२०. एका पौंडात साधारण किती गर बसतात, तो हा आकडा. म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. तुकडा झाला की तोच गर, तीच चव, पण किंमत उतरली. मनगटाच्या एका क्षणाच्या चुकीचे मोल अशा रीतीने परदेशच्या बाजारापर्यंत जाऊन ठरते.

आता मजुरी वजनावर द्यावी की रोजावर? वजनावर दिली तर हात भराभर चालतो आणि तुकडा वाढतो. तुकड्याबद्दल पैसे कापले तर हात जपून चालतो आणि वजन घटते. रोजावर दिली तर देखरेखीस माणूस ठेवावा लागतो. समजा, एखाद्या कारखानदाराचा मुलगा व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतला, आणि त्यास असे दिसले की दर वाढवूनही माल वाढत नाही, चलाख हाताच्या बायाही शेजारणीच्या बेताने थांबतात, आणि आषाढात निम्मी शेड रिकामी पडते. त्याच्या वहीत या तिन्ही गोष्टींना नावे लिहिलेली असतील: प्रेरणेचा अभाव, गटाचा दबाव, गैरहजेरी. नावे खोटी नाहीत. परंतु नाव सापडले की कारणही सापडले असे वाटू लागते, आणि येथेच ही विद्या फसविते.

ज्या प्रयोगांपासून ही विद्या निघाली असे मानतात, ते अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाले. तेथे १९२७ साली काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून टेलिफोनचे भाग जुळविण्याचे काम दिले. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास बदलले, आणि उत्पादन एकंदरीत चढत गेले. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेनेच माणूस खुलतो, असा त्याचा अर्थ लावण्यात आला, आणि तो वर्गावर्गांतून सांगितला जातो. कमी सांगितले जाते ते हे, की त्यांतील दोन मुली फार बोलतात, पुरेसे सहकार्य करीत नाहीत, म्हणून १९२८ च्या आरंभी त्यांना खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. शिवाय मजुरीची पद्धतही बदललेली होती. लक्ष देण्याने माणूस खुलतो हे खरे असेल. काढून टाकण्याच्या भयानेही त्याचा हात चालतो, हे त्याच कागदपत्रांत आहे.

त्याच कारखान्यात १९३१-३२ साली १४ पुरुषांच्या एका गटाचे निरीक्षण झाले. त्यांनी दिवसाचे काम किती करावयाचे हे आपसांत ठरविले होते. जास्त करणाऱ्याची टर उडे, कधी दंडावर गुद्दाही बसे. साहेबांना हा अडाणीपणा वाटला. पण तो जागतिक मंदीचा काळ होता. काम लवकर संपले तर माणसे कमी होतील आणि वेग दिसला तर दर उतरेल, ही भीती बाळगण्यास त्या काळी पुरेसे कारण होते.

आपल्या देशातील उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील कॅलिको मिलमध्ये आपोआप चालणारे माग बसविले. एका खात्यात २२४ मागांवर २९ कामगार आणि त्यांच्यात कामाचे बारा प्रकार. प्रत्येकाचे काम तुकड्यातुकड्यांनी वाटलेले, त्यामुळे कोणताही माग पुरतेपणी कोणाचाच नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली सुचविले की ठराविक मागांची जबाबदारी एकेका लहान गटाकडे द्यावी. कामगारांनी व जॉबरांनी ती सूचना तत्काळ उचलली आणि गट स्वतःच जुळविले. काही काळाने उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. यंत्रे तीच, माणसे तीच. बदलली होती ती फक्त मांडणी.

हे ध्यानात ठेवून चंदगडच्या शेडकडे पुन्हा पाहावे. आषाढातील गैरहजेरी म्हणजे भाताची रोपलावण. ती बाई गैरहजर नसते, ती स्वतःच्या अगर भावकीच्या शेतात गुडघाभर चिखलात हजर असते. चलाख हाताची बाई शेजारणीसाठी थांबते, कारण संध्याकाळी दोघी एकाच वाटेने एकाच गावी जातात, आणि कदाचित त्या नणंद-भावजयीही असतात. शेडचा दरवाजा बंद केल्याने गाव बाहेर राहत नाही. इंग्रजी पुस्तकांतील कारखान्यास असे गाव नसते. उसाच्या सहकारी कारखान्यांत तर याहून गुंता अधिक: ऊस घालणारा, मालक आणि मतदार हे तिघे एकाच शेतकऱ्याच्या अंगी, आणि ऊस तोडणारा मुकादमाकडून उचल घेऊन आलेला, तो बहुधा सभासदही नव्हे. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून हे राजकारण १९८० साली ग्रंथरूपाने मांडले. तो ग्रंथ समाजशास्त्रात मोडतो म्हणून व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने तो टाळावा, हे काही समजण्यासारखे नाही.

प्रकल्प म्हणून असे विद्यार्थी बहुधा प्रश्नावली नेतात. "आपण कामाबाबत समाधानी आहात काय?" पुढे पाच चौकोन. मालकाच्या ओळखीने आलेल्या, मालकाने ओट्यावर खुर्ची देऊन बसविलेल्या पाहुण्यास भाजलेल्या बोटांची बाई कोणत्या चौकोनात खूण करील, हे सांगण्यास पदवी लागत नाही. त्यापेक्षा त्याने प्रश्नावली पिशवीत ठेवून दोन दिवस स्वतः त्या पात्यापाशी बसावे. तासाला किती बिया फुटतात, पहिला तुकडा केव्हा पडतो, हात प्रथम कोठे चुरचुरतो, वजन होताना काट्याशी कोण उभे असते, आणि कापलेल्या पैशांचा हिशेब बाईला कोणत्या वेळी व कोणत्या शब्दांत सांगितला जातो, हे त्याने लिहून आणावे.