सुभेदार रामजीबाबांचे स्मरण
(२ फेब्रुवारी रोजी बुद्धविहारात झालेल्या सभेतील भाषण)



१९१३ साली याच दिवशी मुंबईत परळ येथे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे निधन झाले. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. परंतु आज मी त्यांच्याविषयी बोलावयास उभा राहिलो आहे तो केवळ एका थोर पुत्राचा पिता म्हणून नव्हे. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून जो एक प्रश्न वारंवार विचारला जातो, त्या प्रश्नाला त्यांच्या चरित्रात उत्तर आहे, असे मला वाटते.

तो प्रश्न असा. घरातला बाप वारला. बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा आपण सर्वांसमक्ष घेतलेली आहे; श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही. मग भावकी जमते आणि विचारते, "तुम्ही बापाला विसरलात काय?" कावळा शिवला नाही म्हणून म्हातारी आई कोपऱ्यात बसून रडते. त्याहून अवघड अशी एक गोष्ट असते. मरताना बाप सांगून गेलेला असतो, "पोरा, देव्हारा मोडू नकोस." आता मुलाने काय करावे? बापाचा शब्द पाळावा, की प्रतिज्ञा पाळावी?

ह्या प्रश्नाची टिंगल करणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. ते मला मुळीच पसंत नाही. बापावरील माया ही अंधश्रद्धा नव्हे, आणि रडणाऱ्या म्हातारीला चार माणसांत गप्प करणे हे धम्माचे काम नव्हे.

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही पलटणीत होते. रामजीबाबा सैन्यात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. महू येथील छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच आपले बाबासाहेब. चौदांपैकी तीन मुलगे व दोन मुली एवढीच जगली. भीमाबाई १८९६ साली सातारा येथे वारल्या, तेव्हा भीमराव पाच वर्षांचा होता. महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजीबाबांनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले होते, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे घरात शिस्तीचा बाप आणि बाहेर हक्कासाठी लेखणी उचलणारा माणूस, असे हे व्यक्तिमत्त्व होते.

१९०१ सालची हकिकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. रामजीबाबा त्या वेळी खटाव तालुक्यात नोकरीस होते. दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम चालले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून त्यांनी पत्र पाठविले. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घातले आणि मोठ्या उत्साहाने मसूरच्या स्टेशनावर उतरली. पण आपण निघाल्याचे त्यांनी कळविलेले पत्र शिपायाने वडिलांना दिलेच नव्हते. जात कळताच गाडीवाले पाठ फिरवून गेले. अखेर दुप्पट भाड्याने आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक गाडी मिळाली. जवळ शिदोरी होती, पण पाण्याचा थेंब कोणी दिला नाही, म्हणून ती पोरे रात्रभर उपाशी राहिली. बापाच्या भेटीला निघालेल्या मुलांच्या वाट्याला ह्या देशात तो दिवस आला. ही हकिकत पुढे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

मुंबईस आल्यावर परळच्या चाळीत एक खोली, आणि त्या खोलीत सगळा संसार. मुलाने अभ्यास कोठे व केव्हा करावा? रामजीबाबांनी तोड काढली. मुलाने लवकर निजावयाचे, आपण स्वतः रात्री दोनपर्यंत जागावयाचे, दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवावयाचे आणि मग आपण अंग टाकावयाचे. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला, म्हणजे हा सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या घरी जाई, त्यांचा दागिना मागून घेई, तो मारवाड्याकडे गहाण टाकी आणि पेन्शन आली की सोडवून परत देई. भगिनींनो, तो दागिना देणाऱ्या त्या दोन बहिणींची, मंजुळाबाईंची आणि तुळसाबाईंची, आठवण आपल्या सभांतून फारशी निघत नाही. ती निघावयास हवी.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. रामजीबाबा बौद्ध नव्हते. काही वक्ते त्यांना मागाहून बौद्ध करून टाकतात. तसे करण्याची काही एक गरज नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सारे मोकळेपणाने सांगितले आहे. आजोबा रामानंदी होते, वडील कबीरपंथी झाले. कबीरपंथी म्हणून मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी घरात गणपती बसे, आणि ह्या विसंगतीवर बाबासाहेबांनी बोट ठेवले आहे. रोज रात्री निजण्यापूर्वी मुलांनी रामायण-महाभारत मोठ्याने वाचावे, असा बापाचा हुकूम होता. पुढे भीमराव इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाला, तेव्हा लोकांनी सभा भरविण्याचे ठरविले. रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्यांचे मन वळविले. त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले.

ते पुस्तक वाचून मुलाने बापालाच सवाल केला. बुद्धाचे वाङ्मय आम्हांला का दाखविले नाही? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा हीनपणा भरला आहे, ते आम्ही का वाचावे? पहिल्या वेळी बापाने दटावले. पण पुढे पुन्हा विचारले, तेव्हा बाप उत्तर तयार ठेवून बसला होता. आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे, तो जावा म्हणून वाचावयास सांगतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर चढले ते पाहा, असे त्यांनी समजाविले. मुलाला ते पटले नाही, आणि त्याने तसे सांगितलेही. बाप गप्प राहिला.

बंधूंनो, मला त्या गप्प राहण्याचे मोल फार वाटते. ज्या घरात बापाचा शब्द म्हणजे कायदा, त्या घरात एका पोराने बापाच्या श्रद्धेवर सवाल केला, आणि बापाने पुस्तक हिसकावून घेतले नाही. ज्या मुलाला दोन वाजता उठवून शिकविले, तो शिकून प्रश्न विचारणारच, हे त्या सुभेदाराला उमगले असले पाहिजे. आणि त्यांनी स्वतः तरी काय केले होते? वडिलांचा रामानंदी मार्ग सोडून ते कबीराकडे गेलेच होते.

दीघनिकायातल्या सिगालाची कथा येथे आठवते. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत होता. भगवंतांनी कारण विचारले. तो म्हणाला, "वडील मरताना सांगून गेले आहेत." भगवंतांनी त्याच्या बापाची निंदा केली नाही. त्यांनी सहा दिशांचा अर्थ उलगडून दाखविला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे इष्टमित्र, खालची दिशा म्हणजे राबणारे कामकरी, आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. त्यांच्याशी नीट वागणे हेच दिशावंदन. देव्हाऱ्याचा शब्द घेऊन गेलेल्या बापाच्या मुलाला मी हीच कथा सांगतो. बापाला काय हवे होते? घर एकत्र राहावे, पोरांवर संकट येऊ नये, एवढेच ना? तेवढे आपण पाळू शकतो, आणि प्रतिज्ञाही पाळू शकतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील घ्यावे, गेलेल्या माणसाविषयी घरच्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या आईने, चार शब्द बोलावे. कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत. त्या पैशांतून शाळेतल्या मुलांना पुस्तके द्यावी.

रामजीबाबांच्या अखेरीची गोष्ट सांगून थांबतो. जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर गेले, ते वडिलांच्या मनाविरुद्ध. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईस येताना सुरतेच्या स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यावयास ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले. आजारी बापाची नजर मुलालाच शोधीत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. नातू यशवंत १२ डिसेंबर १९१२ रोजी जन्मला होता. आजोबा म्हणून त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेस गेला. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनला प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

आपल्या घराण्यांची बखर कोणी लिहिलेली नाही. येथे वही ठेवली आहे. वंदनेपूर्वी प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या बापाचे, आजोबांचे नाव, गाव आणि ते कोणते काम करीत होते, एवढे तीत लिहवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मुली लिहून घेतील. मागे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपासून सुरुवात करू.

जय भीम.