आधी समेट, मग उपासना



वर्धा जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करते. हिंगणघाट, आर्वी, पुलगावची मंडळी घरचीच आहे. मुंबई-पुण्याकडून रात्रभर प्रवास करून आलेल्यांना विशेष धन्यवाद. जेवण साधे आहे, राहण्याची सोय त्याहून साधी आहे. उणे दिसेल ते सांभाळून घ्यावे.

'आत्मिक संजीवन' हा आपल्या परिषदेचा विषय. हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याची धास्ती वाटेनाशी झाली आहे. ती वाटायला हवी. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या होत्या. आपला जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. इथल्या उपासमारीतून वाचवलेल्या कितीतरी मुली त्यांनी आपल्याबरोबर नेल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी तिथे रोजच्या प्रार्थनेला बायका-मुलींना बोलावले. सुरुवातीला सुमारे 70 जणी येऊन बसल्या, जूनपर्यंत ही संख्या 500 च्या वर गेली. सहा महिने नुसती प्रार्थना! ना मंडप, ना बाहेरचा नामांकित वक्ता. जूनच्या अखेरीस जे घडले त्याने साऱ्या महाराष्ट्राच्या मंडळ्या हलल्या. मुली रडल्या, हे सगळे सांगतात. मला त्यापुढचे मोलाचे वाटते. त्यांनी आपापली पापे उघड कबूल केली आणि नंतर त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगत फिरल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले सोप्या मराठीतले बायबल मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. रडणाऱ्या डोळ्यांना तिथे काम करणारे हातही होते.

आता या भूमीविषयी. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी उचलली. तंजावरच्या ख्रिस्ती घरातला, लंडन-न्यूयॉर्कला शिकलेला हा हिशेबनीस मगनवाडीत राहून तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांत रमला. येशूची शिकवण आणि आचरण यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1945 साली प्रसिद्ध झाले. आपली श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती ठेवणे त्यांना मान्य नव्हते. जवळच पवनारला राहणाऱ्या विनोबांनी नव्या करारातले वेचे निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केले. ख्रिस्ती नसलेल्या माणसाने आपले शास्त्र इतक्या प्रेमाने वाचावे आणि आपल्या घरात ते आठवडाभर उघडले जाऊ नये, हे मला सलते.

कौटुंबिक उपासना आपल्या किती घरांत उरली आहे? माझ्या लहानपणी दिवे लागले की आजी गीतांचे पुस्तक काढायची आणि शेजारची मुलेही येऊन बसायची. आज त्याच वेळी घरात चार माणसे चार मोबाईलवर असतात. मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी आपल्याला गुडघ्यांवर कधी पाहिले, हा प्रश्न आधी आहे.

आणि मंडळी? 29 नोव्हेंबर 1970 रोजी इथून जवळच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. केवढा मोठा दिवस तो! तरीही आज मालमत्तेवरून, पदांवरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, आणि दोघेही एकाच मेजावर प्रभुभोजन घेतात. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जा, अशी प्रभूची आज्ञा आहे. ती आपण वाचतो आणि पुढचे अर्पण गोळा करतो. जोवर हे थांबत नाही तोवर कितीही संजीवन सभा भरवल्या तरी मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

आपल्या दाराबाहेर कापसाच्या आणि सोयाबीनच्या कर्जात बुडालेली घरे आहेत. ज्या बाईचा धनी त्या ओझ्याने जीव देऊन गेला, तिच्या ओसरीवर मंडळीतले कोणी जाऊन बसले का? दारूबंदीच्या या जिल्ह्यात दारूने मोडलेल्या संसारांत आपण शिरलो का? प्रचार म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. माझ्या मते जागृतीची पारख तिथे होते.

म्हणून स्वागत समितीने एक ठरवले आहे. उद्या सकाळच्या सत्रात भाषण नाही. तो वेळ प्रार्थनेला, पापकबुलीला आणि एकमेकांची क्षमा मागण्याला राखून ठेवला आहे. पाळकांनी आणि कमिटीच्या सभासदांनी त्यात सर्वांच्या आधी पुढे यावे, ही नम्र विनंती. आणि आपणा प्रत्येकाला एक विनंती: ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, तो या मंडपात असेल तर आज जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी जाऊन बसा. गावी असेल तर रात्री झोपण्यापूर्वी त्याला फोन करा.